‘मला धंदा जमत नाही’ म्हणण्याआधी वहीत हे तीन प्रश्न लिहा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ग्रोथ माइंडसेटबद्दल बोललो. वेळ कमी होता, त्यामुळे चकलीवाल्या ताईंची गोष्ट अर्धीच सांगून झाली. हिशोबाचा तक्ता तर पडद्यावर तुम्हाला नीट वाचताही आला नसेल. म्हणून तो सगळा भाग इथे सविस्तर देतोय. वाचताना एक वही आणि पेन जवळ ठेवा. शेवटी तुम्हाला काम आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका बॅचमध्ये एक ताई आल्या होत्या. घरून फराळ करून विकायच्या. चकली, चिवडा, लाडू, अनारसे. त्या वर्षी त्यांना पहिल्यांदाच एका ऑफिसची मोठी ऑर्डर मिळाली होती, २५ किलो चकलीची. दोन दिवस राबून त्यांनी माल वेळेत पोचवला. लोकांना आवडला. पैसेही लगेच हातात आले. आणि तरीसुद्धा महिनाअखेर किराणावाल्याची उधारी भागवायला त्यांना भिशीचे पैसे मोडावे लागले.

वर्गात त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, धंदा आपल्या रक्तातच नाही हो. आपण मराठी माणसं, आपल्याला नोकरीच बरी. मी आता बंद करतेय.”

मी काय उत्तर दिलं असेल? “ताई, असा निगेटिव्ह विचार करायचा नाही! मनात आणलं तर माणूस काहीही करू शकतो!” वर्गाने टाळ्या वाजवल्या. ताई कसनुसं हसल्या आणि खाली बसल्या. पुढच्या रविवारी त्या आल्याच नाहीत.

त्या दिवशी मला वाटलं होतं, मी त्यांना ग्रोथ माइंडसेट शिकवला. खरं तर मी त्यांना फक्त टाळ्या दिल्या. त्यांचं नुकसान कुठे झालं, हे मी विचारलंसुद्धा नाही.

ग्रोथ माइंडसेट म्हणजे नक्की काय?

हा शब्द कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंमुळे जगभर पोचला. त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक आहेत. ‘माइंडसेट’ हे त्यांचं पुस्तक २००६ साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काही लोक मानतात की हुशारी, कौशल्य, स्वभाव हे जन्मतःच ठरलेलं असतं, जेवढं मिळालं तेवढंच. हा झाला फिक्स्ड माइंडसेट. काही लोक मानतात की योग्य पद्धत, सराव आणि दुसऱ्यांची मदत यांनी क्षमता वाढवता येते. हा ग्रोथ माइंडसेट.

आणि बघा, कुठलाच माणूस शंभर टक्के एका बाजूला नसतो. त्या ताई स्वयंपाकाच्या बाबतीत पूर्ण ग्रोथ माइंडसेटच्या होत्या. चकली विरघळली तर “मला चकली येत नाही” असं त्या कधीच म्हणणार नाहीत. मोहन जास्त झालं का, भाजणीत काही कमीजास्त झालं का, हे बघतील आणि पुढचा घाणा सुधारतील. पण पैशाचा विषय आला की त्याच ताई म्हणतात, “रक्तातच नाही.” चकलीला एक नियम आणि हिशोबाला दुसरा!

तुमचंही असं एखादं खातं असेल. कोणी म्हणतं मला इंग्रजी येत नाही, कोणी म्हणतं मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, कोणी म्हणतं कॉम्प्युटर आपलं काम नाही. माझंही आहे, ते शेवटी सांगतो.

कौतुकाचा एक प्रयोग

ड्वेक आणि त्यांच्या सहकारी क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचवीतल्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. झाल्यावर काही मुलांना सांगितलं, “छान, तू हुशार आहेस.” काहींना सांगितलं, “छान, तू खूप मेहनत घेतलीस.” एवढाच फरक.

मग मुलांना निवड दिली. सोपं काम हवं, की ज्यातून शिकायला मिळेल पण चुकण्याची शक्यता आहे असं काम हवं? ‘मेहनती’ म्हटलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी शिकायला मिळणारं काम घेतलं. ‘हुशार’ म्हटलेली मुलं जास्त करून आपली हुशारी टिकून दिसेल अशा कामाकडे वळली. त्यानंतर सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, ती सगळ्यांनाच जड गेली. आणि मग पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली. तेव्हा ‘हुशार’ मुलांचे गुण पहिल्यापेक्षा खाली आले, ‘मेहनती’ मुलांचे वर गेले. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलांना लिहून कळवायला सांगितलं, तर ते खोटे वाढवून सांगणाऱ्यांचं प्रमाणही ‘हुशार’ गटातच जास्त निघालं.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. कारण आपल्या धंद्यात हेच होतं. ज्याला सगळ्यांनी “तू धंद्यात एकदम शार्प आहेस” म्हटलंय, तो तोटा झाला की लपवतो. बायकोपासून लपवतो, भागीदारापासून लपवतो आणि शेवटी स्वतःच्या वहीपासूनही लपवतो. लपवलेली चूक दुरुस्त कशी होणार?

ताईंची वही

दोन रविवार ताई आल्या नाहीत तेव्हा मी फोन केला. म्हणालो, “ताई, बंद करायचं तर खुशाल करा, पण एकदा त्या ऑर्डरचा हिशोब मला दाखवा.” त्या म्हणाल्या, “हिशोब कसला सर, सगळं डोक्यात आहे.” मी म्हणालो, “मग डोक्यातलं कागदावर काढू.”

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही तो लिहून काढला. तुम्हीही सोबत लिहा.

विक्री: २५ किलो, ३०० रुपये किलो. एकूण ७,५०० रुपये.

भाजणी, तेल, तीळ, मसाला: ४,२०० रुपये.

ताईंच्या डोक्यातला हिशोब इथेच संपत होता. ७,५०० वजा ४,२००, म्हणजे ३,३०० रुपये फायदा. या ३,३०० च्या भरवशावर त्यांनी घरातला खर्चही करून टाकला होता. आता पुढचं बघा:

गॅस: ९०० रुपये.
पिशव्या, डबे, लेबल: किलोमागे २५ प्रमाणे ६२५ रुपये.
मदतीला दोन बायका, दोन दिवस, रोज प्रत्येकी ४००: १,६०० रुपये.
माल पोचवायला रिक्षा: ३०० रुपये.
तुटलेल्या २ किलो चकल्या पुन्हा कराव्या लागल्या, त्याचा कच्चा माल: ३३६ रुपये.

या पाच ओळींची बेरीज ३,७६१ रुपये. म्हणजे ३,३०० चा फायदा सोडाच, वरून ४६१ रुपयांचा तोटा. आणि यात ताईंची स्वतःची दोन दिवसांची मजुरी धरलेलीच नाही!

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी पदरचे ४६१ रुपये देऊन त्यांना चकली खाऊ घातली.” आणि चक्क हसल्या. वर्गातलं कसनुसं हसू नव्हतं ते.

मित्रांनो, त्या कागदाने काय केलं ते नीट लक्षात घ्या. आधी ताईंचं वाक्य होतं, “मला धंदा जमत नाही.” या वाक्याचं तुम्ही काही करू शकत नाही. धंदा म्हणजे केवढा मोठा डोंगर! कुठून चढणार? कागदानंतर वाक्य झालं, “मला किंमत काढताना मजुरी, गॅस आणि तूटफूट धरायची राहते.” ही गोष्ट एका संध्याकाळी शिकता येते. त्यांना चकली करता येत होती, गिऱ्हाईक मिळवता येत होतं, माल वेळेत देता येत होता. दहापैकी आठ गोष्टी जमत होत्या, एक-दोन राहिल्या होत्या. आणि त्यासाठी त्या सगळाच धंदा बंद करायला निघाल्या होत्या, शिवाय दोष द्यायचा रक्ताला.

माझ्या मते ग्रोथ माइंडसेटचा गाभा हाच आहे. ‘मला सगळं जमेल’ असं स्वतःला बजावत बसायचं नाही. ‘मला जमत नाही’ यातलं नक्की काय जमत नाही, ते शोधायचं. ड्वेक बाई त्यांच्या २०१४ च्या एका भाषणात शिकागोमधल्या एका शाळेची गोष्ट सांगतात. तिथे विषयात कमी पडलेल्या मुलाला नापास न म्हणता ‘अजून नाही’ असा शेरा देत. आपल्या मराठीतला ‘अजून’ हा शब्द किती कामाचा आहे बघा. “मला किंमत काढता येत नाही” आणि “मला किंमत काढता येत नाही अजून”. दुसऱ्या वाक्यात पुढचा रविवार शिल्लक राहतो.

‘रक्तात नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक मराठी उदाहरण

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आपल्याला मोठ्या कारखान्यांमुळे माहीत असतं. मला त्यांच्या सुरुवातीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंगांमधला फरक कळत नाही. रंगांधळेपणा! आता सांगा, कितीही पॉझिटिव्ह विचार केला तरी डोळे बदलणार होते का? नाही. पण हात चांगला होता, रेषा चांगली होती. रंग सुटले, ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले.

तिथे हक्काची बढती त्यांना मिळाली नाही, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षं लागली. पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि कर्ज दिलं आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

यातून मी तीन गोष्टी घेतो. पहिली, काही मर्यादा खऱ्या असतात, त्या ओळखून रस्ता बदलणं म्हणजे हार नाही. दुसरी, “गिऱ्हाईक घेत नाही” याचा अर्थ “मी नालायक” असा होत नाही. गिऱ्हाइकाच्या मनात काय भीती आहे, ते आधी शोधावं लागतं. आणि तिसरी गोष्ट प्रेरणादायी भाषणांत कोणी सांगत नाही: त्यांना मदत मिळाली. जमीन मिळाली, भांडवल मिळालं. नुसत्या जिद्दीवर कारखाना उभा राहत नाही.

मर्यादाही प्रामाणिकपणे बघूया

हल्ली ग्रोथ माइंडसेट हा शब्द इतका वापरला जातो की जादूची कांडीच वाटावी. तसं नाही. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर केलेला एक मोठा अभ्यास २०१९ साली आला. तासाभराहूनही कमी वेळाचा ऑनलाइन धडा दिल्यावर अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण सुधारले, पण थोडेसेच. ४ च्या मापावर ०.१ च्या आसपास. आणि जिथे सोबतच्या मुलांमध्ये अवघड काम अंगावर घ्यायची पद्धत होती, तिथे फायदा जास्त दिसला.

म्हणजे नुसता विचार बदलून थोडंच बदलतं. पद्धत आणि सोबत पाहिजे. स्वतः ड्वेक बाईंनीही नंतर बजावलंय की नुसती “छान मेहनत केलीस” अशी शाबासकी देत राहणं म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे. मेहनत चुकीच्या पद्धतीने होत असेल तर पद्धत बदलायला शिकवलं पाहिजे. ताईंनी मेहनत कमी केली होती का? दोन दिवस झोपल्या नव्हत्या! त्यांना “अजून मेहनत करा” म्हणणं म्हणजे अजून तोटा करा म्हणण्यासारखंच होतं.

आणि ज्याच्याकडे भांडवल नाही, जागा नाही, घरातून साथ नाही, त्याला “तुझा माइंडसेट चुकीचा आहे” असं ऐकवणं हा अन्याय आहे. मी तो त्या रविवारी केला होता, म्हणून सांगतोय.

आता तुमची वही उघडा

गेल्या तीन महिन्यांत फसलेली एकच गोष्ट निवडा. तुटलेलं गिऱ्हाईक, बुडालेली उधारी, सोडून गेलेला कामगार, काहीही. आणि हे तीन प्रश्न लिहा.

१. काय झालं? फक्त घडलेलं लिहा. आकडा, तारीख, माणूस काय बोलला ते. “माझं नशीब”, “माझा स्वभाव”, “आपले लोक” हे शब्द या ओळीत चालणार नाहीत.

२. नक्की कुठली पायरी फसली? कामाच्या पायऱ्या पाडा. चौकशी, भाव सांगणं, ऑर्डर घेणं, माल बनवणं, पोचवणं, वसुली. जी पायरी नीट झाली तिच्यापुढे बरोबरची खूण करा. फसली तिच्यापुढे ‘अजून’ असं लिहा. बहुतेक वेळा खुणा जास्त निघतात आणि ‘अजून’ एक-दोनच.

३. पुढच्या वेळी कुठली एक गोष्ट वेगळी करणार आणि ती कोणाकडून शिकणार? एकच गोष्ट. आणि माणसाचं नाव लिहा. शेजारचा दुकानदार, मामा, बचतगटातल्या ताई, तुमचा अकाउंटंट, कोणीही. नाव नसेल तर ते उत्तर अर्धं आहे असं समजा.

तुमच्याकडे कामगार असतील तर हेच प्रश्न त्यांनाही विचारा. माल खराब झाला की “कोणी केलं?” याऐवजी “कुठल्या पायरीला झालं?” असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाला दुकानात शांतता होते. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर येतं. घरी मुलांच्या बाबतीतही तेच. “माझा बाळ फार हुशार” याऐवजी “हे गणित तू कसं सोडवलंस, मला दाखव” असं म्हणा.

एक सावधगिरी. ग्रोथ माइंडसेट म्हणजे बुडणारं जहाज कवटाळून बसणं नाही. एखादी गोष्ट सुधारायला घेतली की आधीच ठरवा: किती दिवस, किती पैसे. तेवढ्यात आकडा हलला नाही तर थांबा. थांबणंही शिकावं लागतं.

ताईंचं पुढे काय झालं?

त्या संध्याकाळी आम्ही नवीन किंमत काढली. सगळा खर्च ७,९६१ रुपये. त्यात त्यांची स्वतःची मजुरी रोजचे ६०० धरून १,२०० मिळवले, झाले ९,१६१. म्हणजे किलोला सुमारे ३६६ रुपये. त्यावर फायदा ठेवून भाव धरला ४२०. हा आकडा गिऱ्हाइकाला सांगताना आवाज कापू नये म्हणून त्यांनी तो आरशासमोर दहा वेळा म्हणून बघितला. खरंच!

पुढच्या दिवाळीत दोन घरगुती गिऱ्हाइकं तुटली. ऑफिसने ऑर्डर २५ वरून १५ किलोवर आणली. अनारशांचा असाच हिशोब मांडल्यावर कळलं की त्यात काही केल्या परवडत नाही. ते त्यांनी बंद केले आणि चिवडा वाढवला. कोट्यधीश वगैरे झाल्या नाहीत. पण त्या दिवाळीनंतर किराणावाल्याची उधारी त्यांनी फराळाच्याच पैशांतून भागवली. भिशी मोडली नाही. फोनवर मला एवढंच म्हणाल्या, “सर, हिशोब रक्तात नसतो हो, वहीत असतो.”

हे वाक्य मी माझ्या वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवलंय.

आणि माझं खातं? मला ऐकून घेता येत नाही. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी सल्ला सुरू करतो. गेली दोन वर्षं माझ्या वहीत त्या पायरीपुढे ‘अजून’ लिहिलेलं आहे. आता कोणी “मला जमत नाही” म्हटलं की मी आधी विचारतो, “नक्की काय झालं?” आणि गप्प बसायचा प्रयत्न करतो. अर्ध्या वेळा जमतं.

चला, तुमची वही उघडा. एक फसलेली गोष्ट, तीन प्रश्न, एक माणूस. आजच लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण किंमत काढायचा पूर्ण तक्ता बघू, तेव्हा ही वही लागणारच आहे.

भेटूया!